सहा हजारी शिखर झाले, पुढे काय?

आमच्या क्लबात दर वर्षी गणपतीच्या आगेमागे एक प्रश्न हमखास येतो. लडाखमधले एखादे सहा हजार मीटरचे शिखर चढून आलेली मुले, नाकावरची उन्हाने सोललेली कातडी अजून भरून आलेली नसताना, विचारतात की आता पुढचे शिखर कोणते घ्यावे आणि एव्हरेस्टपर्यंत पोहोचायला साधारण किती वर्षे लागतील. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक समजूत दडलेली असते: पाच हजारांनंतर सहा, सहांनंतर सात, सातांनंतर आठ अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि दम टिकला की त्या एकामागून एक चढता येतात. सुरुवातीच्या शिखरापासून मोठ्या मोहिमेपर्यंतच्या वाटचालीत उंचीचा हिशेब दुय्यम असतो, असे माझे मत आहे. मोहिमेतले किती काम आणि किती निर्णय तुम्ही स्वतः पेलता, हा खरा हिशेब. तो मांडला की पुढचे शिखर कोणते हे बरेचसे आपोआप ठरते.

आपल्याकडच्या गिर्यारोहकाची सुरुवात मुळातच थोडी वेगळी असते. सह्याद्रीतले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. लेहच्या विमानतळावर पाय ठेवतो तेव्हाच आपण घरच्या सर्वोच्च माथ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर असतो. त्यामुळे विरळ हवेचा कोणताही अनुभव सह्याद्री देऊ शकत नाही, हे आधी मान्य करावे. मात्र जे सह्याद्री देतो ते कमी नाही. लिंगाणा, तेलबैला, नागफणी येथे दोरावर दिवस काढलेल्या माणसाचे दृष्टिभय, म्हणजे पायाखाली खोल दरी दिसली की वाटणारी भीती, बऱ्याच अंशी गेलेले असते, कड्यावर ठिसूळ दगड कोणता आणि भरवशाचा कोणता हे त्याचा हात ओळखतो, आणि घसाऱ्यावरून पाठीवर ओझे घेऊन उतरण्याची सवय त्याला पुढे मोरेनमधल्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, दगडांच्या राशींवर फार उपयोगी पडते. पुण्यातली मंडळी पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅक पाठीवर टाकून पहाटे सिंहगड चढतात, त्याची काही जण चेष्टा करतात. मी करत नाही, कारण मोहिमेतल्या बहुतेक दिवसांचे काम नेमके तेच असते.

बर्फ मात्र बर्फावरच शिकावा लागतो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 पासून आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून हे शिक्षण देत आहेत. मनाली आणि पहलगाम येथेही अशा संस्था आहेत. साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करायचा, त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर अ‍ॅडव्हान्स कोर्सला पात्र व्हायचे, अशी ही रचना आहे. जागा मिळायला अनेकदा बरीच वाट पाहावी लागते, आणि म्हणून पुष्कळ जण कोर्सचा नाद सोडून थेट पैसे भरून शिखरावर जातात. मला हे पटत नाही. कोर्समध्ये एकच कृती कंटाळा येईपर्यंत करून घेतात, आणि त्या कंटाळ्यातच तिचे मोल आहे. उतारावरून पोटावर घसरायचे, पाठीवर घसरायचे, डोके खाली करून घसरायचे आणि दर वेळी आइस अ‍ॅक्सचे टोक बर्फात रुतवून स्वतःला थांबवायचे. पायांत क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे धातूचे दाते, असतील तर थांबताना पाय वर उचलून धरायचे, नाहीतर दाते बर्फात अडकून माणूस उलटा फेकला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया होईपर्यंत तिचा उपयोग नसतो, कारण खरी घसरण सुरू झाल्यावर विचार करायला वेळच नसतो.

पहिल्या शिखरांबद्दल थोडक्यात. मनालीजवळचे फ्रेंडशिप (5,289 मीटर), बारालाचा ला परिसरातले युनाम, मारखा खोऱ्याच्या माथ्यावरचे कांग यात्से 2 ही सध्याची नेहमीची नावे आहेत. स्टोक कांगरी (6,153 मीटर) हे अनेक वर्षे मराठी मुलांचे पहिले सहा हजारी शिखर असायचे, परंतु तेथली गर्दी हाताबाहेर गेल्यामुळे ते 2020 पासून गिर्यारोहणासाठी बंद करण्यात आले. या शिखरांवर बेस कॅम्पपर्यंत सामान खेचरे नेतात, स्वयंपाक्याच्या हातचे गरम जेवण मिळते, वाट गाइडच्या पायाखालची असते आणि दोर लागला तर तो आधी लावलेला असतो. यात गैर काही नाही. या टप्प्यावर अभ्यास करायचा तो आपल्याच शरीराचा. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, आणि त्याला प्रत्येक शरीर वेगळ्या प्रकारे उत्तर देते. कुणाची झोप उडते, कुणाची भूक मरते, कुणाचे डोके दुसऱ्या रात्री दुखते तर कुणाचे चौथ्या. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस धरावा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो; पण आपल्याला तो पुरतो की आणखी एक दिवस लागतो, हे स्वतःच्या वहीत सकाळची नाडी, झोप आणि जेवण यांची नोंद ठेवल्याशिवाय कळत नाही. ही वही पुढे सात हजारांवर कामाला येते. डायमॉक्स ही गोळी जुळवून घेण्याला हातभार लावते, पण फुप्फुसात किंवा मेंदूत सूज यायला लागली तर खाली उतरणे हाच मुख्य उपाय असतो, आणि तो निर्णय जितका उशिरा तितका रुग्ण स्वतःच्या पायांनी उतरण्याची शक्यता कमी.

उंची कमी म्हणून शिखर सोपे, हा हिशेब किती फसवा आहे ते 4 ऑक्टोबर 2022 रोजी सगळ्या देशाने पाहिले. उत्तराखंडमधल्या द्रौपदी का दांडा 2 या 5,670 मीटर उंचीच्या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी माथ्याच्या जवळ असताना हिमस्खलन झाले. 27 जणांचे मृतदेह सापडले आणि दोघे बेपत्ता राहिले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, ज्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन आठ हजारी शिखरे सोळा दिवसांच्या अंतराने सर केली होती. या घटनेबद्दल लांबून निवाडे देण्याचा मला अधिकार नाही. एवढे मात्र दिसते की उताराचा कोन, ताज्या बर्फाचा थर आणि त्याखालचा जुना, कडक थर यांचे नाते समजून घेण्याचे काम पाच हजारांवरही तितकेच गंभीर असते, आणि ते काम गाइडचे आहे असे समजून जो पहिली तीन-चार शिखरे चढतो तो अनुभवाच्या बाबतीत तिथल्या तिथेच राहतो.

सहा हजार आणि सात हजार यांच्यामधली दरी मात्र खरोखर मोठी आहे, आणि तिच्यावरच मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. सहा हजारी शिखरावर आपण पाच हजारांच्या वर दोन-तीन रात्री काढतो; एका रात्री दात-ओठ खाऊन माथा गाठतो आणि संध्याकाळी खाली असतो. शरीराची मोडतोड व्हायला तेवढा अवधीच मिळत नाही. सात हजारी मोहिमेत मात्र पाच हजारांच्या वर दोन-अडीच आठवडे राहावे लागते. या उंचीवर शरीर जुळवून घेते तसेच ते झिजतही जाते: जखमा भरत नाहीत, खोकला जात नाही, अन्न समोर आले की नकोसे वाटते, वजन उतरते. जगातली सर्वांत उंच कायम वस्ती, पेरूमधले ला रिंकोनादा, सुमारे 5,100 मीटरवर आहे. त्याहून वर माणूस मुक्काम करतो, वस्ती करीत नाही. म्हणून सात हजारांवर ताकदीपेक्षा झीज कमी ठेवण्याची शिस्त जास्त लागते.

या टप्प्यासाठी भारतात तीन नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात, आणि तिन्ही एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. लडाखमधल्या सुरू खोऱ्यातले नून 7,135 मीटरचे. तांगोल गावापर्यंत गाडी जाते आणि तिथून बेस कॅम्प एका दिवसात गाठता येतो, म्हणून ते सोयीचे समजले जाते. पण हीच सोय अडचणीची ठरते. लांबलचक चाल नसल्यामुळे विरळ हवेशी जुळवून घेण्याचे सगळे काम डोंगरावरच, लोड फेरी करत करत, उरकावे लागते. वरच्या छावणीत सामान टाकायचे, परत खाली येऊन झोपायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चढण. नवख्या माणसाला वाटते की यात दिवस वाया जातात. वास्तविक या फेऱ्या म्हणजेच मोहीम असते. माथ्याचा दिवस हा तिचा एक लहानसा भाग.

गंगोत्री परिसरातले सतोपंथ 7,075 मीटरचे, म्हणजे नूनहून थोडे कमी उंच. गंगोत्रीहून भोजबासा, गोमुख, नंदनवन करत वासुकी तालापर्यंत चालत जायचे असल्यामुळे शरीर तयार व्हायला वेळ मिळतो. त्याची परीक्षा पुढे आहे: बर्फाची अरुंद धार, दोन्ही बाजूंना खोल उतार. 1947 मध्ये आंद्रे रोश यांच्या स्विस पथकाने हे शिखर पहिल्यांदा सर केले. या धारेवर दमाचा प्रश्न येत नाही, प्रश्न येतो तो पाऊल नेमके टाकण्याचा आणि दोरावरच्या शिस्तीचा. सह्याद्रीतल्या धारांवर, सुळक्यांवर घडलेली मुले येथे मनाने लवकर स्थिरावतात, असे मी पाहिले आहे.

तिसरे कामेत, 7,756 मीटर. 1931 मध्ये फ्रँक स्माइथ यांच्या पथकाने ते सर केले तेव्हा माणसाने माथ्यापर्यंत चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते. नीती खोऱ्यातून लांबची वाट, पूर्व कामेत हिमनदी, एकावर एक छावण्या आणि शेवटी मीड्स कोल ही सात हजार मीटरच्या वरची खिंड. अनेक आठ हजारी मोहिमांत आज मिळतात त्या सोयी कामेतवर नसतात. त्यामुळे ज्यांनी कामेत स्वतःच्या बळावर पेलले त्यांच्याबद्दल मला आठ हजारी शिखर चढलेल्यांइतकाच, कधी कधी त्याहून अधिक, आदर वाटतो.

या मोहिमांवर शिकायला मिळणाऱ्या गोष्टी बाहेरून क्षुल्लक दिसतात. उदाहरणार्थ, पाणी. वरच्या छावणीत पाणी नसते, बर्फ असतो. माणशी तीन-चार लिटर पाणी रोज पोटात जायला हवे, आणि पातेलेभर भुसभुशीत बर्फ वितळला की तळाशी जेमतेम पेलाभर पाणी उरते. दिवसभर ओझे वाहून आल्यावर तंबूच्या तोंडाशी अर्धे आत अर्धे बाहेर पडून दोन-तीन तास स्टोव्ह सांभाळायचा, गॅसचा डबा थंडीने मरगळला की तो जॅकेटच्या आत घेऊन ऊब द्यायची, पातेल्याच्या तळाशी आधीचे घोटभर पाणी राखून मगच बर्फ टाकायचा म्हणजे भांडे करपत नाही. सहा हजार मीटरवर पाणी ऐंशी अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून डाळ-तांदूळ विसरायचे आणि सूप, नूडल्स, सत्तू यांवर भागवायचे. हे काम टाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी कमी पाणी पितो, तिसऱ्या दिवशी त्याचे डोके दुखते, आणि चौथ्या दिवशी त्याच्यासकट आणखी एकाला खाली उतरावे लागते. कितीतरी माथे अशा पातेल्यांपाशी हुकतात.

दुसरे उदाहरण दोराचे. फिक्स रोपवर, म्हणजे डोंगरावर आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावून चढताना अँकरपाशी, म्हणजे दोर जिथे पक्का बांधलेला असतो तिथे, दोर बदलावा लागतो. आधी सेफ्टीचा कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) पुढच्या दोरात, मग जुमार काढून पुढे, हा क्रम कधीही उलटायचा नाही, कारण मधल्या त्या क्षणी माणूस कशालाही बांधलेला नसेल तर एक चुकलेले पाऊल पुरते. पुण्याच्या हवेत हे कुणीही करून दाखवते. उणे वीस तापमानात, जाड हातमोजे घालून, कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात, मागे पाच जण खोळंबले असताना ते करणे वेगळे. म्हणून आम्ही ऐन मे महिन्यात प्रस्तरभिंतीवर मुलांना लोकरीचे हातमोजे घालून जुमारिंग करायला लावतो. खाली फिरायला आलेली कुटुंबे हे पाहून जे काही म्हणतात ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आणि तिसरी गोष्ट कागदाची. भारतातल्या शिखरांसाठी दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी, सीमेलगतच्या भागात इनर लाइनचे परवाने, संघाची निवड, किती मीटर दोर, किती स्नो बार, किती आइस स्क्रू, कोणत्या छावणीत किती दिवसांचे अन्न, एक दिवस वादळात गेला तर काय आणि तीन दिवस गेले तर काय, हे सगळे कुणीतरी वहीत मांडलेले असते. पहिल्या मोहिमेत हे नेता करतो. दुसरीत तुम्ही त्याच्या शेजारी बसून अन्नाचा हिशेब घ्यावा, पुढे दोराचा, आणि कधीतरी एखाद्या सहा हजारी शिखरावर लहान संघ घेऊन स्वतः नेता म्हणून जावे. सात हजारी झाल्यावर पुन्हा सहा हजारांवर जाणे अनेकांना पीछेहाट वाटते. मला ती खरी बढती वाटते, कारण तेथे पहिल्यांदा परत फिरण्याची वेळ तुम्ही ठरवलेली असते आणि ती पाळायला लावण्याचे कामही तुमचेच असते. ‘आता अर्धा तासच राहिला आहे’ असे म्हणणाऱ्या दमलेल्या मित्राला माथ्याच्या खालून वळवून आणणे हे कोणत्याही कोर्समध्ये नीट शिकवता येत नाही.

आता आठ हजारांबद्दल. महाराष्ट्रातून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेले पहिले गिर्यारोहक पुण्याचे सुरेंद्र चव्हाण, 1998 साली. त्यानंतर 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची नागरी मोहीम एव्हरेस्टवर गेली आणि तिचे आठ जण माथ्यावर पोहोचले. मला त्या मोहिमेपेक्षा तिच्यानंतरचा क्रम जास्त बोलका वाटतो: 2013 मध्ये ल्होत्से, 2014 मध्ये मकालू, 2016 मध्ये धौलागिरी आणि चो ओयू, 2017 मध्ये मनासलू, 2019 मध्ये कांचनजुंगा, 2021 मध्ये अन्नपूर्णा. कांचनजुंगावर शेवटच्या छावणीपासून माथ्यापर्यंत हजार मीटरहून जास्त चढाई एका दमात करावी लागते. तेथे एकाच संस्थेचे दहा जण माथ्यावर गेले, ते मोहिमांमागून मोहिमा करत मुरलेल्या संघाचे फळ आहे. आधी एव्हरेस्ट आणि मग बाकीची शिखरे हा क्रम पाहिला की सर्वोच्च शिखर हे शेवटचे पाऊल असते ही कल्पनाही बाजूला ठेवावी लागते.

व्यापारी मोहिमांमुळे आज आठ हजारांचे दार पैसे असलेल्या धट्ट्याकट्ट्या माणसाला उघडे झाले आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात, म्हणजे हिमनदीच्या भेगाळलेल्या उतारावर, शिड्या बसवण्याचे काम शेर्पांचे, दोर लावण्याचे काम शेर्पांचे, तंबू, ऑक्सिजनचे सिलिंडर, चहा हेही त्यांचेच. यात मला नैतिक आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हिशेबाचा, कारण 8,000 मीटरच्या वर मास्कचा रेग्युलेटर गोठला किंवा सोबतचा शेर्पा आजारी पडला, तर तुमच्या खात्यावर त्या दिवसापर्यंत स्वतः केलेले जे काम जमा असेल तेवढेच उरते. नेपाळने सप्टेंबर 2025 पासून वसंत ऋतूतल्या एव्हरेस्टच्या परवान्याचे शुल्क 11,000 डॉलरवरून 15,000 डॉलर केले, आणि 2025 मध्ये तेथील संसदेत मांडलेल्या पर्यटन विधेयकात एव्हरेस्टसाठी आधी नेपाळमधलेच एखादे सात हजारी शिखर सर केलेले असावे अशी अट सुचवली गेली. अनुभवाची अट असावी, हे मला मनापासून पटते. पण ‘नेपाळमधलेच’ या शब्दामुळे नून, सतोपंथ, कामेत ही सगळी हिशेबाबाहेर जातात, आणि याउलट, आयते दोर लावून मिळालेले, सामान दुसऱ्याने वाहिलेले सात हजारी शिखर मात्र चालते. अट उंचीची आहे, कामाची नाही. कामाची अट सरकारला लिहिता येणे अवघड आहे हेही खरे. ती ज्याने त्याने स्वतःला घालून घ्यायची.

तेव्हा या वर्षी सहा हजारी शिखर करून आलेल्यांना माझे सांगणे असे आहे. कोर्स झाला नसेल तर आधी त्यासाठी अर्ज करा. झाला असेल तर पुढच्या वर्षी आणखी एक सहा हजारी घ्या, पण या वेळी वरच्या छावणीपर्यंतचे सामान स्वतः वाहा आणि तंबूतला स्टोव्ह तुमच्याकडे घ्या. त्यानंतर नूनचा विचार करा. त्याचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, सतोपंथचा मे-जून किंवा पावसाळ्याच्या शेवटी. परवानगीचे कागद आदल्या हिवाळ्यातच सुरू करावे लागतात, निधी गोळा करायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि सिंहगडाच्या फेऱ्या दिवाळीपासून. हातमोजे क्लबात आहेत, दोन-तीन जोड फाटलेले आहेत ते शिवून घ्यावे लागतील.